मारिया नावाची कुणी नव्हती

चौलात पियानोचा मिस्त्री राहतो असं सांगितलं की बाहेरचा माणूस आधी हसतो. चौलात नारळ, सुपारी, देवळं. इथे पियानो कुठला? पण मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत किनाऱ्याने जे बंगले उठले, त्यांच्या दिवाणखान्यांत वीसेक पियानो तरी माझ्या हाताखालून गेले. त्यातले रोज वाजणारे पाच-सहा. बाकीच्यांवर फुलदाण्या, फोटो, आणि एकावर तर पोहून आलेल्या पाहुण्यांचे ओले टॉवेल.

काम काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण चाळीस वर्षं सांगतोच आहे. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. वरच्या बऱ्याचशा सुरांना प्रत्येकी तीन. पट्टी दाबली की आतली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, हातोडी तिन्ही तारांवर एकदम आपटते. तिघी एका सुरात असल्या तर आवाज सरळ जातो; एखादी केसभर उतरली की तो हेलकावे खायला लागतो, खाडीतल्या होडीसारखा. तर दोन तारा पाचर मारून गप्प करायच्या, तिसरी चावीने पिळून सुरात आणायची, मग दुसरी तिच्याशी मिळवायची, मग पहिली. असं अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांना. अडीच-तीन तास. आणि आमच्या हवेत सहा महिन्यांत सगळं पुन्हा बिघडतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहतात, तारांना गंज चढतो, उंदीर नमदा कुरतडून पिल्लं घालतात. ओल धरू नये म्हणून पियानोच्या पोटात विजेचा बारका दिवा पेटता ठेवा म्हणून सांगून सांगून जीभ झिजली. लोक विजेच्या बिलाकडे बघतात आणि मग मला बोलावतात.

माझे वडील सुतार. चौलच्या वाड्यांमधले रहाट दुरुस्त करायचे. पंप आले, रहाट गेले, आणि मी मुंबईत वाद्यांच्या एका दुकानात लाकूडकामाला लागलो. तिथे सिप्रियान मास्तर होते, मूळचे गोव्याचे. कान त्यांनी दिला. आणि कानाबरोबर गप्पाही दिल्या. त्यांचं म्हणणं असं, की तीन तास एकच पट्टी ठोकणारा माणूस घरातल्यांना वैरी वाटतो. तेव्हा चहाच्या वेळी त्यांना एखादी गोष्ट द्यायची. मास्तरांकडे गोष्टींना तोटा नव्हता. मांजर पट्ट्यांवरून चालत गेलं आणि त्यातून एक रचना झाली. एका रशियनाची ती जड सुरांची रचना म्हणजे जिवंत पुरलेला माणूस शवपेटीच्या झाकणावर मुठी आपटतोय. गिऱ्हाईक डोळे मोठे करून ऐकायचं. आणि आम्ही खाली उतरायला लागलो की जिन्यातच मास्तर म्हणायचे, "ती थाप हां. लिहून नको ठेवू."

म्हणजे खरं काय आणि थाप काय, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

मुंबईत गुडघे गेले, आईही एकटी होती, म्हणून मी चौलात परतलो. तोवर इकडे बंगले झालेच होते. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त कप्तान होते, जहाजावरचे. किहीमला राहायचे. त्यांना एकच रचना वाजवायची असे, ती प्रसिद्ध छोटी, भरधाव धावणारी. तिच्या नावात 'मिनिट' आहे, म्हणून ती एका मिनिटात संपली पाहिजे असं त्यांच्या मनाने घेतलेलं. पियानोवर स्टॉपवॉच ठेवून वाजवायचे. दोन मिनिटांच्या खाली कधी आले नाहीत. मला बोलावून सांगायचे, "मिस्त्री, पट्ट्या जड आहेत. हलक्या करा." मी हलक्या करायचो. महिन्याने पुन्हा फोन. तीन-चार वेळा झाल्यावर मला त्या म्हाताऱ्या बोटांची दया आली. मी म्हटलं, "साहेब, ते मिनिट घड्याळातलं नाही. त्याच स्पेलिंगचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ बारीकसं, चिमुकलं. आमचे मास्तर सांगायचे. दोन मिनिटं लागली तर बरोबरच आहे."

मला वाटलं त्यांना हायसं वाटेल. ते घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अकरा वर्षं झाली मला त्या मिनिटामागे." त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. पुढे कळलं, पियानो शाळेला देऊन टाकला.

तेव्हापासून मी कुणाची गोष्ट खोडायची नाही असं ठरवलं. गिऱ्हाईक काही म्हणालं की मान हलवायची. "असं का! वा!" म्हणायचं. वर आपलीही एखादी सोडायची. कंटाळ्यातून आलेला शहाणपणा होता तो. वाईट हे, की तो चालून गेला.

रेवदंड्याच्या हसनभाईंनी मला बोलावलं ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. तीस वर्षं मस्कतला दुकान सांभाळून माणूस घरी परतला होता. बायको वारलेली. घरात ते आणि त्यांची मुलगी रेहाना, तिशीच्या आसपासची. चौदाव्या वर्षी तापात तिची नजर गेली. नागावचा एक बंगला विकला गेला तेव्हा त्यातला पियानो हसनभाईंनी टेम्पोत घालून आणला. का, ते त्यांनाही नीट सांगता येईना.

"दिवसभर मोबाईलवर ते बाजे ऐकते," ते म्हणाले. "मी बोललो, ऐकते कशाला, घेऊनच येतो. आता बघा मिस्त्री, वाजतो का तो तरी."

वाजत नव्हता. मी आतून उंदरांची दोन घरटी काढली. रेहाना बाजूच्या खुर्चीत बसून होती. मी तारा मिळवायला घेतल्या, तसं एका ठिकाणी ती म्हणाली, "काका, ती तार अजून जागेवर नाय आली."

मी पुन्हा ऐकलं. तिचं बरोबर होतं. हेलकावा इतका संथ होता की मुंबईतल्या दुकानात तो मी सोडून दिला असता.

चहाच्या वेळी तिने विचारलं, "आंधळ्या माणसाला येईल काय हा?"

साधं उत्तर होतं. येईल, कान चांगला आहे, मेहनत पडेल. ते देऊन गप्प बसायला हवं होतं. पण मी दमलेला होतो, तिचा चेहरा पडलेला होता, आणि मास्तरांची सगळ्यात खपणारी गोष्ट जिभेवर आली. त्या थोर जर्मन संगीतकाराची, जो पुढे बहिरा झाला. तो एका संध्याकाळी फिरायला निघाला. गल्लीतल्या गरीब घरातून त्याच्याच रचनेचे सूर ऐकू आले. आत गेला तर चांभाराचं घर, आणि पियानोवर बसलेली मुलगी आंधळी. तेवढ्यात मेणबत्ती विझली. खिडकीतून चांदणं आत आलं. आणि तो तिथेच बसून तिच्यासाठी वाजवायला लागला. चांदण्याच्या नावाने जगभर वाजते ती रचना तीच.

रेहानाने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तिचं नाव काय होतं?"

गोष्टीत नाव नाही. मी म्हटलं, "मारिया."

एवढंच. इथून सगळं सुरू झालं.

मी सहा-सहा महिन्यांनी जायचो. दर खेपेला ती मारियाबद्दल विचारायची. तिची आई कुठे होती? मी सांगितलं, लहानपणीच वारली. मग घरचं कोण करायचं? बाप. मुलगी आंधळी म्हणून त्याने दुसरं लग्न केलं नाही. पियानो कुठून आला? एका श्रीमंताच्या घरातला जुना, बापाने हातगाडीवरून आणलेला. मला त्यात गंमत वाटायला लागली होती, हेही कबूल करतो. अलिबागला जाताना एसटीत बसून मी पुढच्या खेपेचं जुळवून ठेवायचो.

आणि इकडे ती शिकत होती. मोबाईलवर दोन-दोन सेकंद ऐकायचं, पट्ट्या शोधायच्या, डाव्या हाताचं वेगळं, उजव्याचं वेगळं, मग दोन्ही एकत्र. चांदण्याच्या त्या रचनेचा पहिला भाग संथ आहे. कानाला सोपा वाटतो, पण नुसत्या ऐकण्यावरून बसवणं म्हणजे डोंगर फोडणं. तिला दीड वर्ष लागलं. ज्या दिवशी तिने तो मला सलग वाजवून दाखवला, त्या दिवशी हसनभाई दारात उभे राहून रुमालाने तोंड पुसत होते. मी आजवर तो भाग शंभर घरांत ऐकलाय. असा नाही ऐकला. घाई नव्हती, नखरा नव्हता.

मीच अलिबागच्या एका बंगल्यात तिचं नाव सुचवलं. मुंबईचं एक जोडपं शनिवारी संध्याकाळी हिरवळीवर गाण्याबजावण्याची बैठक करायचं. तीस-चाळीस माणसं, चहा, सामोसे. हसनभाई तिला घेऊन आले. तिने निळा दुपट्टा घेतला होता. पियानो मी सकाळीच लावून ठेवला होता.

ती बसली, आणि वाजवायच्या आधी म्हणाली, "मी दोन शब्द बोलते." आणि तिने मारियाची गोष्ट सांगितली. सगळी. चांभाराचं घर, वारलेली आई, हातगाडीवरचा पियानो. मी सहा-सहा महिन्यांनी तुकड्या-तुकड्याने दिलेलं तिने असं जुळवलं होतं की माझ्याही अंगावर काटा आला. शेवटी म्हणाली, "ही मारिया माझ्यासारखी होती. म्हणून मी हे वाजवते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत मुंबईच्या एक वयस्क बाई होत्या, पियानो शिकवणाऱ्या. वाईट बाई नव्हत्या. अगदी हळुवार आवाजात म्हणाल्या, "फार छान सांगितलंत. पण ही दंतकथा आहे बरं का. चांदण्याचं नाव संगीतकाराने दिलेलंच नाही. त्यांच्या मृत्यूनंतर एका समीक्षकाने सरोवरावरच्या चांदण्याची उपमा दिली, तेच चिकटलं. रचना अर्पण केलीय ती एका सरदारघराण्यातल्या शिष्येला. आणि ही मारिया तर मी पहिल्यांदाच ऐकते. कुठे वाचलंत?"

कुणीतरी हसलं. दुष्टपणे नाही, माणसं हसतात तसं.

रेहाना म्हणाली, "मिस्त्रीकाकांनी सांगितलं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी मागे सामोशांच्या टेबलापाशी उभा होतो. त्या क्षणी मला म्हणता आलं असतं: मी रचली, तिची चूक नाही. तेवढे पाच शब्द. मी हसलो. खांदे उडवले आणि म्हटलं, "लोक सांगतात बुवा असं. आपण मिस्त्री माणसं, आपल्याला काय कळतं!"

लोक पुन्हा हसले. हातात बशी होती, ती नुसतीच धरून राहिलो.

तिने वाजवलं. एकही पट्टी चुकली नाही. पण हिशेबाने मोजून दिल्यासारखं होतं ते, आत कुणी नव्हतं. टाळ्या संपायच्या आत ती बापाला म्हणाली, "अब्बा, घरी चला."

महिन्याभराने हसनभाईंचा फोन आला. "मिस्त्री, ती बसत नाय त्याच्यापुढे. झाकण लावून टाकलंय. तुम्ही या एकदा. आमचं काय ऐकत नाय."

मी दोन दिवस टाळाटाळ केली. गुडघ्याचं निमित्त होतंच. मग गेलो. ती ओसरीवर लसूण सोलत होती. माझी चाल ओळखून म्हणाली, "बसा."

मी बसलो. म्हटलं, "रेहाना, चुकलं माझं."

"तुम्हाला माहीत होतं? आधीपासून?"

"होतं."

"पहिल्या दिवशी पण?"

"हो."

ती लसूण सोलत राहिली. "गोष्ट खोटी निघाली त्याचं मला काय वाटत नाय, काका. गोष्टी खोट्याच असतात. पण मारियाला आई नाय, तिचा बाप दुसरं लग्न करत नाय, तिच्याकडे दुसऱ्याच्या घरातला पियानो येतो. हे तुम्ही कुठून आणलंत?"

मी सांडलेल्या पाकळ्या गोळा करायला लागलो.

"आमच्या घरातून उचललंत ना? मी विचारायची आणि तुम्ही माझंच मला परत द्यायचात. मी आपली समजत होते, लांबच्या देशात, दोनशे वर्षांपूर्वी, कोणतरी माझ्यासारखी होती." तिने साली ओढणीतून झटकल्या. "मला सोबत वाटायची तिची."

मला वाटलं होतं ती चिडेल, तर बरं पडेल. ती चिडली नाही. मी काहीतरी द्यावं म्हणून म्हणालो, "त्यातलं एक खरं आहे. ती रचना केली तेव्हा त्या संगीतकाराचे कान जायला लागले होते. त्यांनी मित्रांना तसं लिहिलंय म्हणतात."

"म्हणतात," ती म्हणाली.

मी उठलो. पायऱ्या उतरताना तिने हाक मारली.

"पियानो बिघडला असंल ना आता, पावसाने?"

"असेल."

"मग लावा. पण बोलू नका."

मी आत जाऊन झाकण उघडलं. ती येऊन बाजूला उभी राहिली. तीन तास दोघं एक शब्द बोललो नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जड काम तेच. मधल्या सप्तकात मी एक तार पिळत होतो, तर तिने हात पुढे केला आणि चावी मागितली. मी दिली. तिने पट्टी वाजवली, मान तिरकी केली, आणि इतकीशी चावी फिरवली. जितकी फिरवायला मला सिप्रियान मास्तरांनी दोन वर्षं शिव्या घातल्या होत्या तितकीच. हेलकावा मेला.

तिला कामावर सोबत नेतो म्हणालो, ते हसनभाईंना पटायला वेळ लागला. "लोकांच्या घरी जाऊन मिस्त्रीकाम? माझी मुलगी? आणि तिला दिसत नाय!" मी म्हटलं, "हसनभाई, या कामात बघायचं आहेच काय? मी पण डोळे मिटूनच करतो." हे मात्र थाप नव्हती. शेवटी ते स्वतः रिक्षाने सोबत यायला तयार झाले आणि बाहेर पेपर वाचत बसायला लागले.

चार वर्षं ती माझ्याबरोबर हिंडली. तार तुटली तर बदलणं, नमदा सुईने टोचून मऊ करणं, चिकटलेली पट्टी सैल करणं, सगळं बोटांनी शिकली. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. हळूहळू जास्त बोलायला लागली, पण पूर्वीचं आलं नाही. आणि ते यावं अशी अपेक्षा करण्याचा मला हक्कही नव्हता. घरी ती पुन्हा वाजवते, पण ती रचना नाही. एकदा मी धीर करून विचारलं. "ते नाय," एवढंच म्हणाली. गिऱ्हाइकं चहाबरोबर आपापल्या गोष्टी सांगायची, मांजराची, पुरलेल्या माणसाची. ती ऐकून घ्यायची. मीही. पण आता माझी मान हलत नसे.

गेल्या वर्षीची गोष्ट. अलिबागलाच एका डॉक्टरीणबाईंकडे मोठा पियानो होता. खालचे सूर तिने लावले, वरचे मी. नेहमीची वाटणी होती. काम झालं, बाईंनी वाजवून बघितलं, खूश झाल्या. रेहाना म्हणाली, "बाई, मी वरचं एकदा पुसून घेते, धूळ राहिलीय." मला वाटलं खरंच धूळ असेल. मी बाईंशी व्हरांड्यात आंब्यांच्या मोहोराबद्दल बोलत बसलो. ती अर्धा तास आत होती.

परत येताना रिक्षात हसनभाई पुढे बसले होते. चौलचा फाटा आला तशी ती हळूच म्हणाली, "काका, वरच्या दीड सप्तकात तुम्ही ठेवलेलं सगळं उतरलेलं होतं."

"आज जरा घाई झाली," मी म्हटलं.

"आजचं नाय. दिवाळीपासून आहे. मी दर वेळी मागून लावते." तिने आवाज आणखी उतरवला. "तुम्हाला वरचं ऐकू येत नाय आता."

रस्त्यावरच्या खड्ड्यात रिक्षा आदळली. मी बाहेर बघत होतो. खरं सांगायचं तर मलाही शंका आली होती. वरच्या पट्ट्या हल्ली लाकडासारख्या वाजायच्या, आणि मी नमद्याला दोष द्यायचो.

"तिथेच का नाही बोललीस?"

"लोकांसमोर?" ती म्हणाली. "लोकांसमोर कशाला बोलू?"

त्या हिरवळीवरच्या संध्याकाळचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. घर आलं तेव्हा उतरताना मी हत्यारांची पिशवी सीटवरच ठेवली. हसनभाई म्हणाले, "मिस्त्री, पिशवी राहिली."

"राहू दे," मी म्हटलं.

रेहानाने हात लांब करून पिशवी चाचपली, आणि उचलून मांडीवर घेतली. रिक्षा वळून रेवदंड्याकडे गेली. मी फाटकाची कडी काढून आत आलो. पाय दुखत होते, म्हणून पायरीवरच बसलो.